डॉ. आयडा स्कडर : झाडाखाली दवाखाना भरवणाऱ्या वेल्लोरच्या डॉक्टरीणबाई

जामखेडच्या आरोग्य प्रकल्पाची ओळख नगर जिल्ह्यात कुणाला करून द्यावी लागत नाही. डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे या नवरा-बायकोनं १९७० साली तिथं काम सुरू केलं. गावातल्याच बायकांना शिकवून त्यांच्या हाती गावाचं आरोग्य सोपवायचं, ही त्यांची पद्धत पुढं जगभर पोचली. पण हे दोघं डॉक्टर झाले कुठं, हे फार लोकांना ठाऊक नसतं. ते शिकले तमिळनाडूतल्या वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात.

ते कॉलेज उभं केलं डॉ. आयडा स्कडर या बाईंनी. सुरुवात झाली होती एका छोट्या खोलीतून आणि एका खाटेवरून. चर्चनं पैसा द्यायचा, डॉक्टरनं विद्या द्यायची, गावानं जागा आणि आपल्या लेकी द्यायच्या, अशी ही तिघांची भागीदारी होती. ती जुळायला साठ वर्षं लागली. मध्ये ती दोनदा मोडायच्या बेताला आली. त्या साठ वर्षांची ही हकीकत.

डॉक्टरांचं घराणं, पण मुलीला नको होतं

स्कडर हे अमेरिकेतलं मिशनरी घराणं. आयडाचे आजोबा डॉ. जॉन स्कडर १८१९ साली न्यूयॉर्कमधली चांगली चालणारी प्रॅक्टिस सोडून आधी सिलोनला, म्हणजे आताच्या श्रीलंकेत, आणि नंतर मद्रासकडं आले. अमेरिकेतून परदेशात गेलेले पहिले मिशनरी डॉक्टर म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं. त्यांच्या मुलांनीही हिंदुस्थानातच काम केलं. त्यातले एक, त्यांचंही नाव डॉ. जॉन स्कडर, हे आयडाचे वडील.

आयडाचा जन्म ९ डिसेंबर १८७० चा. गाव राणीपेट, वेल्लोरजवळचं. पाच भावांच्या पाठीवर झालेली ही एकुलती एक मुलगी. ती सहा-सात वर्षांची असताना १८७६ ते ७८ चा मोठा दुष्काळ पडला. आपल्याकडं सोलापूर, नगर, विजापूर पट्ट्यातही त्या दुष्काळानं माणसं आणि गुरं मेली. मद्रास इलाख्यात तर गावंच्या गावं ओस पडली. लहानग्या आयडानं उपाशी पोरांच्या तोंडात भाकरीचे तुकडे घातले. रस्त्याकडेला मरून पडलेली लेकरंही पाहिली.

पुढं कुटुंब अमेरिकेला गेलं. काही वर्षांनी वडील आणि आई पुन्हा हिंदुस्थानात आले, आयडा मात्र शिक्षणासाठी नातेवाइकांकडं मागं राहिली. आईबापाविना वाढलेल्या त्या मुलीनं मनाशी एक गोष्ट पक्की केली होती. मिशनचं काम आपल्याला करायचं नाही. उन्हात, धुळीत, रोगराईत आयुष्य घालवायचं नाही. अमेरिकेत राहायचं, लग्न करायचं, सुखाचा संसार करायचा. दहावीनंतर पोरं जशी म्हणतात की बापाची शेती करणार नाही, तसंच हे.

एका रात्रीत तीन बाळंतिणी

१८९० मध्ये आई आजारी असल्याचा निरोप आला. आयडा तिच्या सेवेसाठी थोड्या दिवसांकरता म्हणून हिंदुस्थानात आली. आईवडील तेव्हा तिंडीवनम या गावी मिशनच्या बंगल्यात राहत होते.

तिथं एका रात्री जे घडलं त्यानं तिचं आयुष्य बदललं. दारात एक तरुण ब्राह्मण गृहस्थ आला. त्याची कोवळी बायको बाळंतपणात अडली होती. गावच्या सुईणींनी हात टेकले होते. आयडानं सांगितलं की वडील डॉक्टर आहेत, ते येतील. पण परक्या पुरुषानं बायकोला हात लावलेला त्याला चालणार नव्हता. त्याला बाई डॉक्टर हवी होती. आयडा डॉक्टर नव्हती. तो निघून गेला.

थोड्या वेळानं एक मुसलमान गृहस्थ आला. तीच अडचण, तेच उत्तर. पडद्यातल्या बाईसमोर परका पुरुष जाऊ शकत नव्हता. मग तिसरा माणूस आला, वरच्या जातीतला हिंदू. त्याचंही तेच.

सकाळी गावातून ढोल वाजत गेल्याचा आवाज आला. चौकशी केली तेव्हा कळलं की तिन्ही बायका रात्रीत गेल्या. डॉक्टर काही पावलांवर होता, औषध होतं, तरी तिघी दगावल्या. कारण एकच. हात लावायला बाई नव्हती.

आयडानं त्या दिवशी आईवडिलांना सांगितलं की ती अमेरिकेला जाईल, डॉक्टर होईल आणि परत येईल.

आज तालुक्याच्या दवाखान्यात बाई डॉक्टर दिसते तेव्हा त्यात विशेष काही वाटत नाही. सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी मात्र बाई डॉक्टर नसणं म्हणजे बाईचा जीव जाणं होतं. आपल्याकडं आनंदीबाई जोशी १८८६ साली अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या बायकांच्या मेडिकल कॉलेजातून डॉक्टर झाल्या आणि पुढच्याच वर्षी वारल्या. त्याच कॉलेजात आयडानं १८९५ मध्ये नाव घातलं. नंतर न्यूयॉर्कच्या कॉर्नेल विद्यापीठानं मेडिकल कॉलेज काढून मुलींना प्रवेश दिला, तेव्हा ती तिकडं गेली आणि १८९९ मध्ये डॉक्टर झाली.

दहा हजार डॉलरची गोष्ट

डॉक्टरकीचा कागद हातात आला, पण दवाखाना कुठं होता? वेल्लोरला बायकांसाठी दवाखाना बांधायचा तर पैसा हवा. आयडाला पाठवणारं चर्च म्हणजे अमेरिकेतलं रिफॉर्म्ड चर्च. त्या चर्चच्या बायकांच्या मंडळानं तिच्यावर ८,००० डॉलर जमवायचं काम टाकलं. निघायला फारसे दिवस उरले नव्हते.

ती न्यूयॉर्कमध्ये चर्चशी संबंधित लोकांच्या घरोघरी फिरली. कुणी थोडं दिलं, कुणी नंतर बघू म्हटलं. गणपतीच्या वर्गणीला फिरणाऱ्या पोरांना हा अनुभव सांगायला नको. एका घरी ती तिंडीवनमच्या त्या रात्रीबद्दल बोलत असताना पलीकडच्या खोलीत बसलेले रॉबर्ट शेल नावाचे वयस्कर बँकवाले ते ऐकत होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी तिला बोलावून घेतलं, प्रश्न विचारले आणि १०,००० डॉलर दिले. अट एवढीच की दवाखान्याला त्यांच्या वारलेल्या बायकोचं, मेरी टेबर शेल यांचं नाव द्यायचं.

चर्च आणि डॉक्टर यांच्या भागीदारीचा पहिला धडा इथं दिसतो. चर्चनं स्वतःच्या तिजोरीतून सगळा पैसा काढून दिला नाही. चर्चनं ओळख दिली, घराघरांची दारं उघडून दिली आणि ही मुलगी पैसा खाणार नाही याची हमी दिली. बाकीचं तिनं स्वतः फिरून मिळवलं.

एक खोली, एक खाट

१९०० सालच्या सुरुवातीला डॉ. आयडा वेल्लोरला पोचल्या. सोबत ॲनी हॅनकॉक नावाची मैत्रीण होती. ती डॉक्टर नव्हती, मिशनचं काम करायला आली होती. ठरलं असं होतं की वडिलांच्या हाताखाली काही काळ अनुभव घ्यायचा. पण काही महिन्यांतच वडील वारले. नव्या डॉक्टरीणबाई एकट्या पडल्या.

दवाखान्याची इमारत व्हायची होती. मग बंगल्यातल्याच एका छोट्या खोलीत काम सुरू झालं. तपासायचं तिथंच, औषध द्यायचं तिथंच, गरज पडली तर रोग्याला ठेवायचंही तिथंच. आज हजारो खाटा असलेल्या त्या रुग्णालयाचा इतिहास सांगताना लोक या एका खाटेपासून सुरुवात करतात.

सुरुवातीला लोक बिचकत होते. गोऱ्या बाईच्या औषधानं धर्म बाटेल का, ही भीती होती. बाई खरंच डॉक्टर असते का, हीही शंका होती. बोलावणं यायचं तेही अगदी शेवटच्या घटकेला, सगळे उपाय थकल्यावर. असा रोगी वाचला नाही की बोल डॉक्टरवर. पण एक बाई बरी होऊन घरी गेली की ती चार घरी सांगायची. दोन वर्षांत डॉ. आयडांनी सुमारे ५,००० रोगी तपासले. हाताखाली शिकलेली नर्स नव्हती. बंगल्यावर काम करणाऱ्या कुटुंबातल्या एका बाईला त्यांनी जखम धुण्यापासून हत्यारं उकळण्यापर्यंत सगळं शिकवलं.

ॲनी हॅनकॉक या काळात घरोघरी जायच्या. पडद्यातल्या, माजघरातल्या बायकांशी बोलायच्या, वाचायला शिकवायच्या. कुठल्या घरात कोण आजारी आहे, कुठली सून दिवस भरत आल्यावरही डॉक्टरकडं येत नाही, हे दवाखान्याला त्यांच्याकडून कळायचं. आज आशाताई जे काम करतात त्यातला बराचसा भाग तेव्हा ही चर्चची बाई करत होती.

१९०२ मध्ये मेरी टेबर शेल दवाखाना उघडला. ४० खाटा होत्या. अमेरिकेतल्या चर्चमधल्या बायका जुनी सुती कापडं फाडून, गुंडाळून जखमेच्या पट्ट्या पाठवायच्या.

झाडाखालचा दवाखाना

शहरात दवाखाना झाला, पण रोगी गावात होते. बैलगाडीत घालून वीस-तीस किलोमीटर आणेपर्यंत अडलेली बाई दगावायची. गळू पिकून हाडापर्यंत जायचं. डोळा लाल झालेलं पोर आंधळं होऊन यायचं.

डॉ. आयडांनी मग दवाखानाच गावाकडं न्यायचं ठरवलं. आधी जनावरं जुंपलेल्या गाडीतून फेऱ्या सुरू झाल्या. १९०९ च्या सुमारास त्यांना अमेरिकेतून एक मोटार मिळाली. फ्रेंच बनावटीची, एका सिलिंडरची, आजच्या लुनापेक्षा फार जोरात न जाणारी. गावातल्या लोकांनी बैल किंवा घोड्याविना चालणारी गाडी पाहिलीच नव्हती. सुरुवातीला लोक भुताटकी समजून शेतात पळाले. काही आठवड्यांत तेच लोक तिच्या वाटेकडं डोळे लावून बसू लागले.

दर आठवड्याला ठरलेल्या वारी गाडी वेल्लोरहून सुमारे ३५ किलोमीटरवरच्या गुडियात्तमला जायची. वाटेत ठरलेल्या झाडांखाली थांबायची. आठवडी बाजारासारखं हे वेळापत्रक लोकांच्या अंगवळणी पडलं. अमुक वारी, तमुक झाडाखाली डॉक्टरीणबाई येणार म्हणजे येणार. लोक पहाटेपासून येऊन बसायचे.

काम वाटून घेतलेलं असायचं. एक जण जखमा धुऊन पट्टी बांधायचा, एक जण औषधाच्या बाटल्या भरून द्यायचा. डॉक्टर तपासायच्या. तिथंच गळू फोडायचं, दात काढायचा, डोळ्यांत औषध घालायचं. ज्याला ऑपरेशनची गरज असेल त्याला परतीच्या गाडीत घालून वेल्लोरला न्यायचं. मागच्या आठवड्यात कुणाला काय दिलं याची नोंद ठेवली जायची.

या झाडांखाली महारोगाचे, म्हणजे कुष्ठरोगाचे रोगीही येत. गावानं वाळीत टाकलेली ही माणसं. त्यांच्यासाठी बसायची वेगळी जागा असे, पण त्यांना हाकलून दिलं जात नसे. पुढं वेल्लोरमध्ये १९४०च्या दशकाच्या शेवटी डॉ. पॉल ब्रँड यांनी कुष्ठरोग्यांच्या आखडलेल्या बोटांवर ऑपरेशनं करून हात पुन्हा चालते केले. तो सगळ्या जगात नवा प्रयोग होता.

गावानं या दवाखान्याला काय दिलं? जागा दिली, सावली दिली, पाणी दिलं. आणि सर्वांत मोठं म्हणजे वेळ पाळली.

औषध आणि धर्म

मिशनच्या दवाखान्यात धर्माचा प्रचार होत होता. झाडाखाली औषधाची वाट बघत बसलेल्या लोकांना बायबलमधल्या गोष्टी सांगितल्या जात, गाणी म्हटली जात. डॉ. आयडा स्वतः श्रद्धाळू ख्रिस्ती होत्या आणि त्यांनी हे कधी लपवलं नाही. पाठवणाऱ्या चर्चचीही तशीच अपेक्षा होती.

पण औषध सगळ्यांना मिळत होतं. ब्राह्मण, मुसलमान, दलित, ख्रिस्ती, सगळे एकाच झाडाखाली बसत, आणि त्या काळात हीच गोष्ट अनेकांना खटकायची. गोष्ट ऐकून धर्म न बदलणाऱ्याला पुढच्या आठवड्यात औषध नाही, असं झालं नाही. बहुतेक रोगी औषध घेऊन, बरे होऊन, आपापल्या देवाच्या पाया पडायला गेले. तरीही संशय राहिला आणि या कामावर टीकाही झाली. मदत घेऊन येणाऱ्याकडं गावानं डोळे उघडे ठेवून बघावं यात गैर काही नाही. वेल्लोरच्या आसपासच्या गावांनी डॉक्टरांना जोखलं ते त्यांच्या कामावरून. त्याला बरीच वर्षं लागली.

गावच्या मुलींना शिकवायचं

एक डॉक्टर किती गावं पुरी पडणार? पाचशे झाडांखाली थांबायचं तर पाचशे डॉक्टर हवेत. ते अमेरिकेतून येणार नव्हते. डॉ. आयडांनी इथल्याच मुलींना शिकवायचं ठरवलं.

१९०९ मध्ये नर्सचं शिक्षण सुरू झालं. परक्या माणसाचा मळ, रक्त, पू साफ करणं हे तेव्हा हलकं काम मानलं जाई आणि चांगल्या घरच्या मुली त्यात येत नसत. सुरुवातीला आल्या त्या बहुतेक ख्रिस्ती कुटुंबांतल्या. चर्च इथं दुसऱ्या अर्थानं कामाला आलं. आपल्या मंडळीतल्या आईबापांना समजावून मुली पाठवायला पाळकांनी आणि मिशनच्या शाळांनी मदत केली.

मग डॉ. आयडांनी मुलींसाठी डॉक्टरकीची शाळा काढायचं मनावर घेतलं. मद्रास सरकारच्या आरोग्य खात्याच्या प्रमुखांना ते पटेना. मुली येणारच नाहीत असं त्यांचं मत. शेवटी निदान सहा मुली मिळाल्या तर सुरू करा, अशा बोलीवर परवानगी मिळाली. अर्ज आले दीडशेच्या आसपास.

१२ ऑगस्ट १९१८ रोजी शाळा सुरू झाली. थोडी पुस्तकं, एक सूक्ष्मदर्शक, हाडांचा सांगाडा आणि शिकवायला मोजकी माणसं. त्यातल्या १४ मुली पहिल्या वर्षाच्या सरकारी परीक्षेला बसल्या. मद्रासच्या मुलांचा निकाल त्या काळी फार कमी लागायचा, त्यामुळं मुली नापास झाल्या तर मन लहान करून घेऊ नका, असं डॉ. आयडांना आधीच बजावण्यात आलं होतं. निकाल लागला. १४ च्या १४ पास. १९२२ साली या पहिल्या तुकडीनं शिक्षण पूर्ण केलं.

या शाळेची एक पद्धत पुढंही टिकली. मिशननं आपल्या भागातल्या मुलीची शिफारस करायची, तिच्या शिक्षणाला हातभार लावायचा आणि शिक्षण झाल्यावर तिनं ठरावीक वर्षं त्या मिशनच्या दवाखान्यात काम करायचं. यामुळं वेल्लोरला शिकलेले डॉक्टर मोठ्या शहरात न अडकता आडगावच्या दवाखान्यांत पोचले. विद्यार्थिनींना शिकतानाच रस्त्याकडेच्या दवाखान्याला नेलं जायचं. खेड्यातला रोगी कसा बोलतो, काय लपवतो, औषध घरी नेऊन काय करतो, हे त्या झाडाखाली शिकत.

चाळीस मिशन आणि एक अवघड निर्णय

एवढा खर्च एका चर्चच्या आवाक्यातला नव्हता. ख्रिस्ती मंडळींत पंथ पुष्कळ. बॅप्टिस्ट, मेथडिस्ट, प्रेस्बिटेरियन, अँग्लिकन, प्रत्येकाचं मिशन वेगळं, दवाखाना वेगळा, हिशेब वेगळा. एकाच जिल्ह्यात दोन मिशनांची चढाओढ चालायची. डॉ. आयडांनी त्यांना एकत्र यायला लावलं. प्रत्येकानं अर्धवट कॉलेज काढण्यापेक्षा सगळ्यांनी मिळून एक चांगलं चालवावं, हा त्यांचा हिशेब. कुणी पैसा द्यायचा, कुणी डॉक्टर पाठवायचा, कुणी नर्स. आपल्याकडं दहा शेतकरी मिळून एक विहीर खोदतात तसाच हा प्रकार. विहीर समाईक असली की भांडणंही होतात. तशी इथंही झाली.

१९३७-३८ च्या सुमारास मोठं संकट आलं. मद्रास सरकारनं ठरवलं की यापुढं डॉक्टरकीचं शिक्षण विद्यापीठाच्या पदवीचंच राहील. वेल्लोरची शाळा पदविका द्यायची. पदवी द्यायची तर जास्त खाटा, जास्त शिकलेले प्राध्यापक, प्रयोगशाळा लागणार. सरकारचा निर्णय वाईट नव्हता. गावातल्या लोकांनाही पूर्ण शिकलेला डॉक्टरच मिळायला हवा. पण वेल्लोरकडं तेवढा पैसा नव्हता. नवीन विद्यार्थिनी घेणं थांबलं. चाळीस वर्षांचं काम बंद पडायची वेळ आली.

त्यातच महायुद्ध सुरू झालं. १९४१ मध्ये वयाच्या सत्तरीत डॉ. आयडा पुन्हा अमेरिकेला गेल्या आणि पुढची सुमारे चार वर्षं चर्चमागून चर्च फिरल्या.

पण अडचण फक्त पैशाची नव्हती. अनेक मिशनांचं म्हणणं होतं की देशात ख्रिस्ती मेडिकल कॉलेज एकच उभं करता येईल, तेव्हा त्यात मुलांनाही घ्यावं. तसं झालं तरच सगळे मिळून पैसा देतील. उलट ज्या अमेरिकन बायकांनी वर्षानुवर्षं वर्गणी जमवली होती, त्यातल्या कित्येक जणी चिडल्या. आम्ही बायकांसाठी पैसा दिला, आता पुरुष आले की बायका मागं ढकलल्या जातील, असं त्यांना वाटत होतं. ही भीती खोटी नव्हती. जुन्या मैत्रिणींमध्ये दरी पडली.

डॉ. आयडांसाठी हे फार कठीण होतं. त्यांचं सगळं काम त्या तीन बाळंतिणींमुळं सुरू झालं होतं. बायकांचं कॉलेज हेच त्यांचं स्वप्न होतं. शेवटी त्यांनी कॉलेज वाचवायचं ठरवलं आणि मुलांना प्रवेश द्यायला मान्यता दिली. काही जवळची माणसं त्यांच्यावर नाराज झाली.

१९४२ मध्ये पदवीचं शिक्षण सुरू झालं. १९४६ पासून नर्सिंगचंही पदवी शिक्षण मिळू लागलं. १९४७ मध्ये पहिली मुलं कॉलेजात आली. तोवर सुमारे चाळीस मिशनांचा हात या कॉलेजमागं होता. डॉ. आयडांनी कारभार सोडला आणि स्वातंत्र्याच्या सुमारास कॉलेजची सूत्रं डॉ. हिल्डा लाझरस या भारतीय बाई डॉक्टरकडं आली. आजोबा १८१९ साली परदेशातून आले होते. त्यानंतर सव्वाशे वर्षांनी काम इथल्या माणसांच्या हाती आलं.

शेवटची वर्षं

निवृत्तीनंतर डॉ. आयडा कोडाईकनालच्या डोंगरावरच्या घरात राहायला गेल्या. बागेची हौस होती, टेनिस आवडायचं, म्हातारपणीही हातात रॅकेट असायची. त्यांनी लग्न केलं नाही. पत्त्यावर फक्त डॉ. आयडा, इंडिया एवढंच लिहिलेलं पत्रही त्यांना पोचलं होतं, अशी आठवण वेल्लोरमध्ये सांगितली जाते. २४ मे १९६० रोजी कोडाईकनाललाच त्या वारल्या. वय ८९ होतं.

झाडाखालचा दवाखाना त्यांच्यानंतरही बंद पडला नाही, त्याचं रूप बदललं. वेल्लोरच्या कॉलेजनं कणियंबाडी भागातल्या गावांसाठी सामाजिक आरोग्याचं वेगळं केंद्र चालवलं. १९७७ मध्ये के. व्ही. कुप्पम भागात आरोग्यासोबत शेती, रोजगार आणि बायकांचं संघटन यांचं काम सुरू केलं. गावात जाऊन नर्सनं तपासायचं, ठरावीक दिवशी डॉक्टरनं यायचं, गरज पडली तर मोठ्या दवाखान्यात पाठवायचं. गुडियात्तमच्या रस्त्यावर जे चालायचं, त्याचंच हे शिस्तीत बसवलेलं रूप.

वेल्लोरहून जामखेडला

डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे वेल्लोरला शिकले तेव्हा डॉ. आयडा थकल्या होत्या, पण खेड्यात जाऊन काम करायचं हे त्या कॉलेजच्या अंगात मुरलं होतं. दोघांनी गावात काम करायचं ठरवलं. आधी ते नेवासा तालुक्यातल्या वडाळ्याच्या मिशन दवाखान्यात होते. तिथं रोगी बरे व्हायचे आणि काही महिन्यांनी तोच आजार घेऊन परत यायचे. पाणी घाण, पोट रिकामं, बाळंतपण घरात विळ्यानं नाळ कापून. दवाखान्यात बसून हे सुटणार नव्हतं.

जामखेडला त्यांनी वेल्लोरच्याही एक पाऊल पुढं टाकलं. डॉक्टर आठवड्यातून एकदा झाडाखाली येण्याऐवजी रोज गावातच असणारी बाई त्यांनी तयार केली. तिला लिहिता-वाचता येत नसलं तरी चालायचं. अनेक जणी दलित, विधवा, नवऱ्यानं टाकलेल्या होत्या. त्या बायकांनी बाळंतपणं केली, पोरांची वजनं घेतली, कुष्ठरोगी शोधले, पाण्याची सोय करायला गावाला उभं केलं. १९७२ च्या दुष्काळात हे काम गावांच्या उपयोगी पडलं. १९७९ मध्ये आरोळे दाम्पत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

आज आपल्या तालुक्यांतही धर्मसंस्था, ट्रस्ट आणि दवाखाने मिळून शिबिरं घेतात. देवस्थानच्या सभागृहात डोळे तपासणी होते, चर्चच्या आवारात रक्तदान होतं, मशिदीशेजारी लसीकरण होतं. फलक लागतो, फोटो निघतात, आणि पुढच्या महिन्यात मोतीबिंदूचा तोच म्हातारा विचारतो की डॉक्टर परत कधी येणार. गुडियात्तमच्या रस्त्यावरच्या लोकांना हा प्रश्न विचारावा लागत नव्हता. वार ठरलेला होता, झाड ठरलेलं होतं, आणि मागच्या वेळी काय दिलं ते वहीत लिहिलेलं होतं. शिबिर घ्यायला येणाऱ्या कुठल्याही संस्थेला ग्रामसभेनं या तीन गोष्टी आधी विचारायला हरकत नाही : पुढची तारीख कोणती, जागा कोणती आणि नोंदवही कुणाकडं राहणार.